धुळ्याच्या बालिकेच्या नोंदीतील ‘नकार’ काढून टाकणेबाबत

दि. २३ जून २०२५

प्रति,
मा. विभागीय अधिकारी साहेब,
बालक दत्तक समन्वय कार्यालय,
जळगाव.

अर्जदार : सौ. कोकिळा हेमराज पाटील, धंदा शेती व घरकाम, रा. निंबखेडे, ता. चोपडा, जि. जळगाव.

अर्ज लिहून देणार : सौ. ज्योत्स्ना प्रेमराज पाटील, अर्जदाराची नणंद, रा. दीपनगर वसाहत.

विषय : धुळे येथील बालिकेच्या फाईलमध्ये अर्जदार व तिचे पती यांच्यापुढे ‘नकार’ असे जे लिहिले आहे, ते खोटे असल्याने काढून टाकणेबाबत.

संदर्भ : १) आखाजीच्या संध्याकाळी आपल्या यंत्राने पाठवलेला मेल. २) अर्जदाराच्या तक्रारीवर आपल्या कार्यालयाचे उत्तर, तेही मेलनेच.

महोदय,

अर्जाच्या सुरुवातीला ‘सविनय’ हा शब्द घालण्याची रीत आहे. अर्जदाराने तो घालू दिला नाही. विनय तिच्याजवळ पुष्कळ होता, तो मे महिन्यात आपल्या कार्यालयात पुरता खर्च झाला. अर्जदार आठवीपर्यंत शिकलेली असून तिचे अक्षरही चांगले आहे. परंतु हा मजकूर लिहायला घेतला की रागाने पहिल्याच ओळीला तिच्या पेनाने कागद फाटतो, म्हणून तिने सांगायचे आणि नणंदेने लिहायचे असे ठरले. लिहून झाल्यावर तिने अर्ज वाचला आणि भाषा फार मऊ झाली म्हणून दोन ठिकाणी बदलून घेतली. तरी यात जे कडक लागेल ते अर्जदाराचे समजावे, आणि जे फारच कडक लागेल ते नणंदेचे.

१. अर्जदाराचे लग्न होऊन बरीच वर्षे झाली, मूल झाले नाही. डॉक्टर झाले, नवस झाले, लोकांचे सल्ले तर अजून चालू आहेत. शेवटी अर्जदारानेच पती हेमराज यांना सांगितले की आपल्याला मूल हवे आहे आणि कुठल्या तरी मुलाला आपण हवे असू, तर रीतसर नोंदणी करू. चोपड्याच्या सेवा केंद्रात नोंदणी केली. तिथे मेलचा पत्ता सक्तीचा होता. तो घरात कोणालाच नव्हता, तेव्हा केंद्र चालवणाऱ्या नवलभाऊंनी जागेवर एक काढून दिला आणि त्याला हेमराजभाऊचा फोन नंबर जोडला. पुढे आपल्या कार्यालयाच्या बाई घर पाहून गेल्या, केळीची बाग पाहून गेल्या, शेवंताबाई म्हणजे अर्जदाराच्या सासूबाई यांच्याशी दोन तास बोलून गेल्या आणि सगळे उत्तम आहे असे लिहून गेल्या. तिथून वाट पाहणे सुरू झाले. गोठ्यातले आटोपले की सकाळी आणि दिवा लागला की संध्याकाळी अर्जदार पतीचा फोन मागून घेई आणि मेल उघडी. गाडी घ्या, बूट घ्या, परदेशात शिका असे सांगणारे मेल येत. अर्जदार ते सगळे वाची, न जाणो त्यातच आपला असायचा. घरात तिला सगळे पोस्टमास्तरीण म्हणू लागले होते, आणि तिलाही ते आवडत असे. असा तो पत्ता वर्षानुवर्षे सांभाळला. अर्जदार मेल पाहत नव्हती असे आपल्या उत्तरात आडून सुचवले आहे, ते अर्जदाराला फार झोंबले आहे.

२. आपला मेल आखाजीला आला. आपण खानदेशातले नसल्यास सांगणे भाग आहे की आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आणि आमच्याकडे हा लेकींचा सण. सासरी गेलेली लेक आखाजीला माहेरी येते. ती एकटी पिशवी उचलून येत नाही. भाऊ किंवा बाप मुऱ्हाळी होऊन तिच्या दारात जातो आणि मानाने घेऊन येतो. अर्ज लिहिणारीलाही हेमराजभाऊने दीपनगरहून असेच आणले होते. लिंबाला झोका बांधलेला, ओसरीत सांजोऱ्या तळणे चाललेले, आणि अर्जदाराने मधेच पिठाच्या हाताने फोन उघडला. त्यात एका तीन वर्षांच्या मुलीचा फोटो होता. मुलगी धुळ्याच्या संस्थेत आहे, तब्येत चांगली आहे, बोलते फार, असे लिहिले होते. आणि खाली सूचना होती की मुलगी मान्य असल्यास दोन दिवसांच्या आत निळ्या अक्षरांवर बोट दाबून पोच द्यावी. अर्जदाराने फोन तसाच सासूबाईंच्या हातात दिला. मुलीच्या फोटोवर, बरोबर कपाळाच्या जागी, टिळा लावल्यासारखे पीठ लागले होते. ते कोणी पुसले नाही.

३. हेमराजभाऊ निळ्या अक्षरांवर बोट ठेवणार, तोच शेवंताबाईंनी त्याचे मनगट धरले. त्यांचे शब्द जसेच्या तसे देत आहे : “हात लावू नको रे भाऊ. आंडेर घर येणार शे. तिले मोबाईलवर कोनी हा म्हनस का? चाला, बठ्ठा जाऊत, लई येऊत तिले.” आंडेर म्हणजे लेक, बठ्ठा म्हणजे सगळे, आणि लई येऊत म्हणजे घेऊन येऊ.

आपण यावर हसाल, म्हणून कारण सांगते. आमच्याकडे सोयरिकीत नकार द्यायचा असला की निरोप पाठवतात. तोंडावर नाही म्हणवत नाही. मग कोणाच्या तरी हाती, हल्ली फोनवर, ‘पुढच्या वर्षी बघू’ असे काहीतरी कळवतात, आणि समोरचा काय ते समजतो. होकार असला तर माणसे स्वतः उठून येतात, नारळ आणि साखर घेऊन. होकार कोणी निरोपाने धाडला तर मुलीकडचे त्याला अपमान समजतात आणि यांच्या मनात नाही असाच अर्थ लावतात. शेवंताबाईंच्या लेखी फोनवर बोट दाबून मोकळे होणे म्हणजे त्या पोरीला नको म्हणण्यासारखेच होते. हेमराजभाऊने बोट मागे घेतले. अर्जदार तिथेच होती, तिलाही ते पटले. लिहिणारी पदवीधर आहे, महिन्याला पन्नास ठिकाणी फोनवर बोट दाबते, तिलाही त्या क्षणी पटले. ही चूक म्हणत असाल तर ती घरातल्या सगळ्यांची आहे आणि त्यातले एकही माणूस ती दुसऱ्यावर ढकलत नाही. पण मुलगी हवी होती म्हणून झालेली ही चूक आहे, एवढे ध्यानात घ्यावे.

४. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिन असल्याने आपले कार्यालय बंद. मुदतीचे घड्याळ मात्र त्या दिवशी चालू होते, हे नंतर कळले. तो दिवस तयारीत गेला. चोपड्याच्या बाजारातून फ्रॉक आणला, मापाचा अंदाज नसल्याने एकाच रंगाचे दोन मापांत आणले. गल्लीत साखर वाटली. शेवंताबाईंनी फोनला हळदकुंकू लावून तो देवघरात आखाजीच्या घागरीशेजारी ठेवला. आखाजीला पितरांच्या नावाने पाण्याची घागर पुजतात. घरात मूल येते आहे हे त्यांनाही कळावे, असा त्यांचा हेतू. लग्नाची पहिली पत्रिका देवापुढे ठेवतात तसेच हे झाले. देवापुढची पत्रिका उचलून कोणी खिशात घालत नाही, तसा फोनही मुलगी घरात येईपर्यंत तिथेच राहणार होता. तिथे चार्जिंगची सोय नव्हती. ते कोणाच्या डोक्यातच आले नाही.

५. दि. २ मे रोजी सकाळी अर्जदार, तिचे पती, सासूबाई आणि लिहिणारी असे चौघे भाऊबंदातल्या चिंधाभाऊंच्या जीपमधून निघाले आणि आपले कार्यालय उघडण्याआधी दारात येऊन उभे राहिले. मुदत त्या दिवशी संध्याकाळपर्यंत होती. म्हणजे अर्जदार मुदतीत हजर होती. हे वाक्य अर्जदाराने ठळक लिहायला सांगितले होते, पण पेनाने ते जमत नाही. तरी ठळक समजावे.

खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने विचारले, मेलवर पोच दिली का? हेमराजभाऊ म्हणाला, पोच कशाला, आम्ही स्वतःच पोचलो. कर्मचारी म्हणाले की येणे ही पोच होत नाही. शेवंताबाईंना वाटले, तोंड गोड करायचे राहून गेले म्हणून ही माणसे अडून बसली आहेत. त्यांनी डबा उघडला आणि सांजोऱ्या सगळ्या टेबलांवर फिरल्या. महोदय, आपल्याही टेबलावर आल्या. आपण एक खाल्लीत, खुसखुशीत झाली आहे म्हणालात आणि दुसरी घेतलीत. त्याची पोच कोणी मागितली नाही. सांजोरी कुठे पोचली हे सगळ्यांना समोर दिसत होते.

हात पुसून आपण अर्जदाराला म्हणालात, “बाई, तुम्ही आलात हे मला दिसतं हो, पण सिस्टीमला दिसत नाही.” अर्जदार आजवर कोणत्याही साहेबापुढे चढ्या आवाजात बोललेली नव्हती. त्या दिवशी बोलली. “साहेब, पोर मना घर येणार शे का सिस्टीमना घर?” आपण त्यावर हसलात. ते हसणे वाईट नव्हते, हे अर्जदार मान्य करते. आपण चांगले गृहस्थ आहात अशी तिची त्या वेळी खात्री झाली होती, आणि आज जो राग आहे त्यात त्या खात्रीचाही मोठा भाग आहे.

६. बोट दाबल्याशिवाय काही होत नाही असे पक्के कळल्यावर बोट दाबायची खटपट सुरू झाली. फोन देवघरात, देवघर निंबखेड्यात. लिहिणारीने स्वतःच्या फोनवर ते मेलचे खाते उघडून पाहिले. यंत्राने कळवले की ओळख पटवण्यासाठी नोंदणीच्या फोनवर आकडे धाडले आहेत. आकडे गेले घागरीजवळ. शेजारच्या बेबाबाईंकडे घराची किल्ली होती, त्यांना फोन लावला. त्यांना नेमके चुलत दिराचे सुतक. त्या देवघराच्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “दिखस माले, पन तो काळा पडी गया. आनि सुतकमा मी हात कसा लावू बाई?” हात लावला असता तरी उपयोग नव्हता, गावात दुपारची वीज नव्हती. लिहिणारीचे यजमान वीज केंद्रात नोकरीला आहेत. गावच्या विजेशी त्यांचा काही संबंध नाही, तरी त्या दिवशी त्यांना फोनवर बरेच ऐकून घ्यावे लागले.

मग अर्जदार म्हणाली, कागदावर लिहून देते की मुलगी मान्य आहे. हाताने लिहिलेली पोच चालत नाही असे उत्तर मिळाले. सही देते, अंगठा देते, आधार कार्ड पाहा म्हणाली. घर पाहून गेलेल्या बाई तिथेच समोरच्या टेबलावर बसल्या होत्या; त्यांनी अर्जदाराला ओळखले, पाणी दिले, शेवंताबाईंच्या पाया पडल्या. त्यांना विचारा म्हणाली. आपण सिस्टीममधला फोटो काढून अर्जदाराच्या तोंडाशी ताडून पाहिलात, तो जुळला. बाई खरी, फोटो खरा, नोंदणी खरी, मुदतही शिल्लक. एवढे सगळे जुळूनही आपल्या हाताने होकार लिहून घेण्याची सोय आपल्याला नव्हती. घरी जाऊन दाबा, अजून वेळ आहे, असा सल्ला देऊन आपण जेवायला गेलात.

७. चिंधाभाऊंनी जीप जशी हाकली तशी त्यांनी ती कधी हाकली नव्हती आणि पुन्हा हाकणार नाहीत. तापीच्या पुलाआधी केळीच्या ट्रकांची ही मोठी रांग. केळी आमच्याच भागातली, शिव्या कोणाला द्यायच्या. अर्जदार त्या उन्हात जीपमधून उतरून पुलाकडे चालायला लागली होती. तिला हात धरून परत बसवावे लागले. घरी पोचेतो दिवेलागण झाली. शेवंताबाई जन्मात पहिल्यांदा पाय न धुता देवघरात शिरल्या आणि त्यांनी फोन उचलून आणला. वीज आली होती. फोन सुरू झाला, मेल उघडला, अर्जदाराने निळ्या अक्षरांवर बोट दाबले. ‘मुदत संपली आहे’ अशी पाटी आली. तिने पुन्हा दाबले, परत तीच पाटी. ती दाबतच राहिली, शेवटी हेमराजभाऊने फोन काढून घेतला.

अर्जदाराने मेल उघडून वाचला तेव्हापासून मुदत धरली असती तर ती अजून शिल्लक होती. ती धरली होती मेल आपल्या यंत्रातून सुटला तेव्हापासून. त्या वेळी अर्जदार तेलापाशी बसून सांजोऱ्या तळत होती.

८. त्याच रात्री अर्जदाराने आयुष्यातला पहिला मेल लिहिला. एकेक अक्षर शोधत लिहिला, लिहिणारीला हात लावू दिला नाही. मजकूर असा : ‘आम्ही आलो होतो. मुलगी आम्हाला पाहिजे. फोन देवाजवळ होता.’ उत्तर तात्काळ आले. ‘हा पत्ता उत्तरे स्वीकारत नाही.’

अर्जदार दुसऱ्या दिवशी सेवा केंद्रात जाऊन बसली आणि मेल कसा पोचतो ते नवलभाऊंकडून समजून घेतल्याशिवाय उठली नाही. त्यांनी सांगितले ते असे की पाठवणाऱ्याचे यंत्र मजकूर घेऊन निघते, मधल्या यंत्रांच्या हाती देते, आणि घेणाऱ्याच्या यंत्राने ‘मिळाला’ म्हटले की तो पोचला असे लिहिले जाते. एसटीने पार्सल पाठवले तर ते स्टँडवर उतरते. पुढे घरी कोणी नेले का, हे गाडीला माहीत नसते, तसेच. माणसाने तो उघडला का, उघडून वाचला का, की तो बूटवाल्यांच्या गर्दीत गाडला गेला, याची खात्री पाठवणाऱ्याला मिळत नाही. ती द्यायची असेल तर वाचणाऱ्यानेच द्यावी लागते. अर्जदाराने विचारले, आणि वाचणारा स्वतः समोर येऊन उभा राहिला तर? नवलभाऊ म्हणाले, वैनी, त्याच्यापुढे आता खात्री ती काय राहिली?

आपल्या कार्यालयाने मात्र उलटा हिशेब धरला. आपला मेल अर्जदाराच्या यंत्रात पडला, म्हणजे तो तिला मिळाला असे आपण धरलेत. या वेळी ते खरे होते, म्हणून अर्जदार त्यावर भांडत नाही. पण घरातली चार माणसे आणि पाचवे चिंधाभाऊ देहाने आपल्या खोलीत उभी राहिली, ती पोचली असे आपण धरले नाहीत. आणि अर्जदाराने मेल लिहिला तर तो दारातूनच परत. ज्याला तोंड आहे आणि कान नाही असा पत्ता सरकारने कोणाच्या सोयीसाठी काढला, असा अर्जदाराचा प्रश्न आहे. देवालाही बाईने वर्षानुवर्षे साकडे घातले आणि उत्तर आले नाही. पण ‘मी ऐकून घेत नाही’ असे देवाने कधी उलट टपाली कळवले नव्हते.

९. त्यानंतर अर्जदाराने टपालाने तक्रार पाठवली आणि उत्तराची वाट न पाहता पतीसह धुळ्याला गेली. संस्थेच्या आत सोडले नाही. ते योग्यच होते, कोणालाही आत सोडू नये. पण तिथे मुलांना सांभाळणाऱ्या झुंबरबाई काम संपवून बाहेर आल्या आणि अर्जदाराला पाहून जागच्या जागी थांबल्या. त्यांनी ओळखले. झुंबरबाईंचे नाव या अर्जात घालू नये असे लिहिणारीचे मत होते. पण लिहा, माझ्यावर काय यायचे ते येऊ द्या, असे त्यांनीच सांगितले.

हकिगत अशी. २ मे रोजी सकाळी अर्जदाराला दारात पाहून आपल्या कार्यालयातून कोणीतरी धुळ्याला फोन केला की आईबाप आले आहेत, मुलीला तयार ठेवा. चांगल्या मनानेच केला असणार. संस्थेत मुलीला नोंदणीतला अर्जदाराचा फोटो दाखवला, ही तुझी आई म्हणून सांगितले, न्हाऊ घातले, दोन वेण्या घातल्या, बूट घातले. पुढचे झुंबरबाईंचे शब्द : “दिनभर पायरीवर बठेल व्हती बाई. जेवाले बी आत उनी नही. रातले बूट काढाले गऊ, तं काढू दिये ना. म्हने, मनी माय येई राह्यनी.”

माझी आई येते आहे म्हणत, बूट तसेच ठेवून ती झोपली.

जळगावहून धुळ्याला झालेल्या त्या फोनला कोणी निळी अक्षरे दाबून पोच मागितली नव्हती, महोदय. माणसाने माणसाला सांगितले आणि तीन वर्षांच्या मुलीने ते खरे मानले. अर्जदार मुदतीत आली हे आपल्या सिस्टीमला दिसले नाही, पण धुळ्यात पायरीवर बसलेल्या मुलीपर्यंत ते त्याच दिवशी पोचले होते. फक्त तिची आई परत पाठवली, हे तिला कोणी सांगितले नाही. धुळ्याहून घरी आल्यावर अर्जदाराने चोपड्याहून आणलेले दोन्ही फ्रॉक गोठ्याच्या भिंतीवर फेकून मारले. तिचा असा अवतार घरात आधी कोणी पाहिला नव्हता.

१०. आपले उत्तर जूनमध्ये आले. त्यात लिहिले आहे की ‘दांपत्याने विहित मुदतीत पोच न दिल्याने नकार गृहीत धरण्यात येऊन बालिका पुढील दांपत्यास दर्शविण्यात आली व त्यांनी स्वीकारली. सदर नोंद बालिकेच्या कायम अभिलेखात घेण्यात आली आहे.’ ‘कायम’ म्हणजे काय, हे विचारायला लिहिणारीने आपल्याला फोन केला. आपण सांगितलेत की मुलगी सज्ञान झाल्यावर तिने मागितली तर ती फाईल तिला पाहता येते. आणि धीर देण्यासाठी म्हणून पुढे म्हणालात, “त्यात तुमची नावं नसतात हो, नुसतं ‘पहिलं दांपत्य’ असं असतं. तुमची काही बदनामी नाही.”

हा अर्ज त्या वाक्यामुळे लिहिला जात आहे. अर्जदाराला बदनामीची काळजी कधीच नव्हती.

११. अर्जदार काय मागत नाही ते आधी लिहिते. ती मुलगी परत मागत नाही. मुलगी एका घरात गेली, तिथे रुळली असेल, कोणाला तरी आई म्हणत असेल. याचे अर्जदाराला बरे वाटते आणि फार वाईट वाटते, दोन्ही लिहा म्हणाली. ती दुसरे मूलही मागत नाही. नकाराची नोंद झाल्याने क्रमांक शेवटी गेला आहे, आणि तिथवर पोचेतो नवराबायको दोघेही वयाच्या अटीबाहेर जातील, हे आपल्याच उत्तराच्या शेवटच्या ओळीत आहे. म्हणजे घरात मूल यायचे ते या आखाजीलाच येणार होते. कोणावर कारवाई करा, कोणाची बदली करा, असेही तिचे म्हणणे नाही.

मागणे एकच आहे. ती मुलगी एक दिवस मोठी होईल आणि मी कोण, कुठली, म्हणून ती फाईल मागेल. जिने जन्म दिला तिने सोडले, हे तिला कळेलच, त्याला इलाज नाही. त्याच्या खालच्या ओळीत ती वाचेल की त्यानंतर आणखी एका घराने तिचा फोटो पाहिला आणि नको म्हटले. पायरीवर बसलेला तो दिवस तिला आठवत असला नसला तरी ती ओळ ती जन्मभर धरून बसेल. आणि ती ओळ खोटी आहे. ज्या घराने फोटोवरचे पीठसुद्धा पुसले नाही, त्या घराच्या नावावर आपण ‘नको’ चढवले आहे. असे खोटे एका अनाथ मुलीच्या कायम कागदावर लिहून ठेवायचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आपल्या यंत्राने गृहीत धरले म्हणता. यंत्राला गृहीत धरायला शिकवले ते माणसानेच ना? मग तो शब्द काढायलाही माणूसच लागेल, आणि या कार्यालयात तो माणूस आपण आहात.

त्या जागी पुढीलप्रमाणे लिहावे : ‘पहिले दांपत्य मुदतीत मुलीला नेण्यासाठी आजी व आत्यासह कार्यालयात समक्ष हजर होते. त्यांना मुलगी हवी होती. कार्यालयाने त्यांना परत पाठवले.’

यापुढील मजकूर अर्जदाराने स्वतःच्या हाताने लिहिला आहे.

साहेब, एकदा चढवलेला शब्द सिस्टीममधून निघत नाही असे तुम्ही सांगाल, म्हणून आधीच लिहिते. निघत नसेल तर राहू द्या. पण त्या मुलीला नाही कोणी म्हटले ते खरे लिहा. मी म्हटले नाही. तुम्ही म्हटले. तुमचे नाव लिहा.

अर्जदार,
(सही) कोकिळा हेमराज पाटील

अर्ज लिहून देणार, आपली नम्र,
(सही) ज्योत्स्ना प्रेमराज पाटील

ठिकाण : जळगाव, आपल्या कार्यालयाबाहेरील बाक.

सोबत : १) आपल्या मेलची छापील प्रत. २) आपल्या उत्तराची छापील प्रत.